नेमत उस्तादच्या पोटाची वही

२८ सप्टेंबर

डॉक्टर अब्रोर म्हणाला, रोज लिहा. काय खाल्लं, कुठे दुखलं, परसाकडे किती वेळा झालं, कसं झालं. पोरगा माझ्या धाकट्या मुलीच्या वयाचा. त्याच्या लग्नात साडेचारशे माणसांचा ओश, म्हणजे आमचा मटण-गाजराचा पुलाव, मी शिजवला होता आणि आता तोच मला विचारतो, "उस्ताद, संडासला कसं होतं?" मी म्हटलं, "सगळ्यांना होतं तसं." तर म्हणे, "सगळ्यांचं मला माहीत आहे, तुमचं सांगा."

ही माझी कामाची वही. पुढच्या पानांवर लग्नं आहेत, कुणाचं, किती माणसं, किती तांदूळ, मटण कसं निघालं. हे दुखण्याचं मागून उलटं लिहितोय. लग्नांच्या पानांना हा वास नको.

आज सकाळी नान, चहा. दुपारी मस्तावा, तोही पातळ, कारण मुकर्रमला वाटतं भाताचं पातळ सूप दिलं की नवरा बरा होतो. परसाकडे नाही. डावीकडे खाली कळ येते, पिळून काढते आणि जाते.

१ ऑक्टोबर

चौथ्या दिवशी झालं. बोटाएवढं बारीक. थोडं लाल दिसलं. डाळिंब खाल्लं होतं, त्याचं असणार. मुकर्रमला तसं सांगितलं, तर म्हणाली, "डाळिंब गेल्या शुक्रवारी आणलं होतं आणि तुम्ही चार दाणे खाल्लेत." बायकोच्या जातीला चार दाणे बरे लक्षात राहतात.

कमरेचं फडकं आता एक वेढा जास्त घ्यावं लागतं. पोट सुटलं होतं ते आत गेलं, हा एक फायदा.

४ ऑक्टोबर

मागून नळी घालून आत बघायचं म्हणतात. मी घरी निघून आलो. मुकर्रम बोलत नाही.

८ ऑक्टोबर

चार दिवसांचा अबोला. शेवटी नळी घालून घेतली. त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही.

नंतर अब्रोरने कागदावर आतडं काढून दाखवलं. म्हणाला, "इथे डाव्या बाजूला आतून गाठ वाढलीय, बांगडीसारखी. मधली वाट करंगळीएवढी उरलीय. वरून येणारं अडतं, मागे साठतं. आतडं फुगतं, त्याची भिंत ताणली जाते. ताणली की रक्त पोचत नाही, रक्त नाही पोचलं की काळं पडतं, आणि काळं पडलेलं आतडं फुटतं."

मी म्हटलं, "मला आतडं शिकवू नकोस. नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून मेंढराची आतडी धुतोय." खरंच आहे. आमच्याकडे हसिप करतात, मेंढराच्या आतड्यात तांदूळ आणि कलेजी भरून वाफवतात. जास्त भरलं तर कुठे फुटेल ते मी हात लावून सांगतो. नेहमी पातळ जागी फुटतं, आणि फुटलं की सगळी कढई वाया. म्हणून सुईने टोचतात, वाफ निघून जाते.

"मग तुम्हाला टोचायलाच हवं, उस्ताद," तो म्हणाला. हसत नव्हता.

त्याचं म्हणणं असं. आत्ता शांतपणे पोट उघडलं तर तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडता येतील. थांबलो आणि एकदम बंद झालं, तर घाईत उघडावं लागेल. मग सुजलेलं आतडं जोडता येत नाही, टोक पोटाला भोक पाडून बाहेर काढतात आणि त्यावर पिशवी लावतात. घाण त्या पिशवीत. कदाचित कायमची.

मी फक्त पिशवी ऐकली. बाकीचं घरी आल्यावर आठवलं.

माणूस इथे ओश हाताने खातो. आणि शिजवणाऱ्याला शेवटी बाहेर बोलावतात, तो पहिल्या पंगतीतल्या म्हाताऱ्यांना आपल्या बोटांनी घास भरवतो. तो मान आहे, चाळीस वर्षांचा. पोटावर घाणीची पिशवी बांधलेल्या माणसाचा घास कोण तोंडात घेईल? मीच घेतला नसता. खरं लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो.

गाठीचा कण तपासायला नमंगानच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलाय.

१३ ऑक्टोबर

शहनोजाचं लग्न ९ नोव्हेंबरला ठरलं. माझ्या धाकट्या भावाची पोर. भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला, तेव्हा कबरीवर माती टाकताना मी बोललो होतो की हिच्या लग्नाचा ओश दुसऱ्या कुणाच्या हातचा होणार नाही. आता पोट उघडून घेतलं तर महिनाभर झारा उचलता येणार नाही असं अब्रोर म्हणतो. म्हणजे विषय संपला. लग्न झालं की बघू.

१६ ऑक्टोबर

संजीदा मावशीकडे गेलो. तिच्या हाताला गुण आहे, आमच्या चुस्त गावातल्या निम्म्या लोकांच्या सरकलेल्या बेंब्या तिने जागेवर आणल्यात. उताणं झोपवलं, बेंबीवर अंगठा रोवला, म्हणाली, "सरकलीय रे. दोन बोटं खाली. कढया उचलतोस ना." मग जे काही ओढलं, पिळलं, डोळ्यांपुढे तारे चमकले. वर दुंब्याची, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याची, चरबी वितळवून वाटीभर प्यायला लावली.

तासाभराने पोटात असा गडगडाट झाला की कोंबड्या पळाल्या. मोकळं झालं. हलकं वाटलं. मी मुकर्रमला म्हटलं, "बघ, बेंबीच होती. तुझ्या डॉक्टरला सांग." मी आत असलो की ती हल्ली संडासच्या दाराबाहेर अंगण झाडत बसते. तेवढी पानं पडतात कुठे, कळत नाही.

२३ ऑक्टोबर

नमंगानचा कागद आला. अब्रोरने आधी मुकर्रमला आत घेतलं, मला बाकावर बसवलं. अर्ध्या तासाने बाहेर आली. कागद दाखव म्हटलं तर डॉक्टरकडेच राहिला म्हणे. "साधी गाठ आहे," अब्रोर म्हणाला, "पण काढायला हवी, याच आठवड्यात." मी म्हटलं, साधी आहे ना? मग लग्नानंतर.

रात्रीच्या जेवणाला तिने दूध-भात केला आणि डोळे लाल. कांदा चिरला म्हणाली. मी चाळीस वर्षं स्वयंपाकी आहे, दूध-भातात कांदा पडत नाही. बहुधा पुतणीचं लग्न म्हणून दिराची आठवण येत असावी.

नंतर हात धरून म्हणाली, "ओश दुसरा कुणीही शिजवेल हो." तीस वर्षांत तिने माझं काम दुसरा कुणीही करेल असं म्हटलेलं नाही. राग आला. ओरडलो तिच्यावर.

२ नोव्हेंबर

कळ आता जेवलं की लगेच. म्हणून जेवत नाही. चहा आणि साखर. पोट फुगतं, मग गुरगुरतं, मग थोडं बसतं. मावशीकडे पुन्हा जाऊन आलो. या वेळी गडगडाट कमी.

९ नोव्हेंबर

झालं. चारशे वीस माणसं, ओश असा उतरला की दाणा दाण्याला चिकटला नाही. उजाडताना झाकण काढलं तेव्हा वाफेतही मला भूक लागली नाही. तांदूळ चाखायला घेतला आणि कढईमागे जाऊन थुंकला. कुणी बघितलं नाही. एर्गाशने बघितलं असेल. शेजारी आहे, लहानपणापासूनचा, आणि त्याचं नाक सगळीकडे असतं.

म्हाताऱ्यांना घास भरवले. शहनोजा मांडवातून निघताना माझ्या छातीवर डोकं टेकवून रडली, "काका, बाबा असते तर..." मीही रडलो. पोट एवढं ताठ होतं की तिला वाकून जवळ घेता आलं नाही.

तीन दिवस वाराही सरलेला नाही.

१० नोव्हेंबर

हिरवं ओकलो. मावशीकडे नेलं. तिने सदरा वर केला, तळहात ठेवला, दोन बोटांनी टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला. तिने हात काढून घेतला. "ही बेंबी नाही," ती म्हणाली. "मी हात लावणार नाही. गाडी काढा, आत्ता काढा." मग मुकर्रमकडे बघून म्हणाली, "पहिल्यांदाच ओळखायला हवं होतं गं मी." अक्षर नीट येत नाही. एर्गाश गाडी घेऊन

२१ नोव्हेंबर

अकरा दिवसांनी पेन धरतोय.

फुटलं होतं. गाठीपाशी नाही, तिच्या बरंच मागे, उजवीकडे, जिथे भिंत पातळ असते तिथे. बरोबर आहे, मला माहीत असायला हवं होतं. अब्रोर म्हणतो, आतडं हातभर काळं पडलं होतं, घाण पोटभर पसरली होती, चार तास धूत होते. मोठं आतडं बरंचसं गेलं. महिन्यापूर्वी आला असता तर वीतभर गेलं असतं, असं तो म्हणाला नाही.

पिशवी आहे. उजवीकडे. मी अजून बघितलेली नाही. मुकर्रम बदलते, तेव्हा मी भिंतीकडे बघतो.

२४ नोव्हेंबर

आज बघितली. चादर सरकली होती म्हणून दिसली. आतड्याचं तोंड लाल आहे, ओलं, ताज्या मेंढराच्या आतड्यासारखं. हलतं. मी इतक्या आतड्यांना हात लावलाय, स्वतःच्या आतड्याला लावायची हिंमत झाली नाही.

मुकर्रमला म्हटलं, "बाहेर कुणाला कळता कामा नये. शपथ घे." तिने घेतली.

७ डिसेंबर

घरी. सैल चोगा घालतो, वर फडकं आडवं न बांधता नुसतं टाकतो. भेटायला येणाऱ्यांना सांगतो, आतडं अडलं होतं, सोडवलं. लोक हुं हुं करतात. कुणी जास्त विचारत नाही. चांगली माणसं आहेत, किंवा मुकर्रम दारातच काही सांगत असेल.

कधी कधी ती पिशवी आवाज करते. परवा इमामसाहेब बसले होते तेव्हा केला. मी खोकलो. इमामसाहेबही खोकले.

९ जानेवारी

दर तीन आठवड्यांनी नमंगानला जाऊन ताकदीची सलाईन घ्यायची. अशक्तपणा भरून येईल म्हणतात. आला तर नाही अजून, उलट दोन दिवस उलट्या होतात. मुकर्रम मला नेहमी मागच्या दाराने आत नेते, पुढे गर्दी असते म्हणून. आत खुर्च्या रांगेत, सगळ्यांना नळ्या लावलेल्या. बायकांनी डोक्याला रुमाल घट्ट बांधलेले, भुवया नाहीत. मी शेजारच्या माणसाला विचारलं, "तुम्हालाही अशक्तपणा?" त्याने टोपी कानांपर्यंत खाली ओढली आणि म्हणाला, "हो, दादा. अशक्तपणाच."

उशीवर केस सापडतात. माझ्या वडिलांचंही डोकं लवकर मोकळं झालं होतं.

२५ जानेवारी

पेठेतला कापडवाला आला, मार्चमध्ये मुलीचं लग्न आहे, ओश तुम्हीच करा. मी म्हटलं, खांदा धरलाय. गेला. याआधी मास्तर आले होते, त्याच्या आधी चक्कीवाला. तिघांनाही खांदाच सांगितला. खोटं बोलताना तोंड कडू होतं. पण विचार केला, कढईवर वाकलोय, पिशवी गच्च भरलीय, आणि त्याच हातांनी मी म्हाताऱ्यांच्या तोंडात घास... नाही.

घरीसुद्धा चुलीपाशी जात नाही. मुकर्रम कधी कधी गाजरं आणि सुरी माझ्यासमोर ठेवून निघून जाते. मी तिथून उठतो.

१४ फेब्रुवारी

चहाखान्यात गेलो, तीन महिन्यांनी. दाराजवळ एक खुर्ची ठेवलेली, बाकी सगळे खाली गादीवर. "उस्ताद, इथे बसा, हवा येते." बरं झालं, खाली बसताना पिशवी दुमडते. मागच्या बाजूला नवी मोरी बांधलीय, गरम पाण्याची, आतून कडी असलेली. मालकाला म्हटलं, धंदा चांगला चाललाय वाटतं. तो म्हणाला, "गिऱ्हाईकांची सोय बघायला लागते."

शुक्रवारी मशिदीत इमामसाहेबांनी भलताच विषय काढला. ज्याचं शरीर मलमूत्र धरून ठेवत नाही त्या आजाऱ्यानेही हातपाय धुवावेत, नमाज पढावी, ती कबूल असते. मी खांबाआड होतो. नेमका मला हवा तो विषय आणि त्यांना पत्ताही नाही. घरी येऊन तीन महिन्यांनी मनासारखी नमाज पढलो. नंतर एकटाच बसून रडलो, का ते नीटसं कळलं नाही.

६ मार्च

अजून दोघे येऊन गेले. खांदा. वजन बावन्न किलो. सलाईन वाढवायची आहे असं अब्रोर म्हणतो, यकृताच्या फोटोत काही ठिपके आहेत. मी विचारलं, कसले? म्हणाला, "डाग आहेत, बघू." मुकर्रम खिडकीतून बाहेर बघत होती.

मला ते ठिपके आवडले नाहीत. अब्रोर तोंडावर बोलणारा पोरगा, तो "बघू" कधी म्हणत नाही.

१९ मार्च

एर्गाश आला. तोच, गाडी काढून मला नेणारा. अंगणात खाटेवर बसला, चहा ओतून घेतला.

"उस्ताद, पोराचं लग्न बारा एप्रिलला. ओश तुमचा."

"तुझ्या पोराचं लग्न सप्टेंबरात होतं ना? खरबुजं आल्यावर करणार होतास."

"बदललं."

"मला नाही जमणार. खांदा..."

"कुठला?"

मी डावा दाखवला.

"कापडवाल्याला उजवा दाखवलात," तो म्हणाला. "आधी एक खांदा पक्का करा, मग खोटं बोला."

चिडलो. इतके महिने धरून ठेवलेलं एकदम सुटलं. म्हटलं, "ऐक मग. माझ्या पोटाला भोक आहे. घाण पुढून येते, पिशवीत. आत्ताही आहे, या चोग्याखाली. माझ्या हातचा घास तुझ्या व्याह्यांच्या तोंडात घालू? चारशे माणसांना कळलं तर उठून जातील पानावरून."

एर्गाशने चहाचा घोट घेतला. "कळलं तर? सगळ्या मोहल्ल्याला नोव्हेंबरपासून माहीत आहे. मी तुम्हाला गाडीतून नेलं, उस्ताद, मी काय मुका आहे? आणि मी गप्प बसलो असतो तरी माझी बायको आहेच."

"मग मास्तर... कापडवाला..."

"माहीत असून आले. चक्कीवाला तर म्हणाला, आमच्या पोटात काय गुलाबपाणी आहे? त्यांचं पुढून, आमचं मागून, फरक एवढाच. तुमच्या हातचा ओश हवा म्हणून आले, आणि तुम्ही खांदा दाखवून परत पाठवलंत सगळ्यांना. मास्तर तर नाराज आहेत तुमच्यावर."

मला रडू आलं. लपवलं नाही. एर्गाश दुसरीकडे बघत नान मोडत राहिला, रडणाऱ्या माणसाला मोकळीक देतात तशी. इतके महिने मी ज्याला घाबरत होतो ते होऊन गेलं होतं, आणि कुणीही पानावरून उठलेलं नव्हतं. पाच लग्नं मी स्वतःच्या हाताने सोडली.

डोळे पुसून म्हटलं, "बरं. पण सप्टेंबरचं एप्रिल का केलंस? खरबुजं नाहीत, पोरीकडची गडबड, घराला रंग नाही."

"एप्रिलमध्ये हवा चांगली असते," तो म्हणाला, आणि मान खाली घालून चहाची रिकामी वाटी फिरवत बसला. एर्गाशला मी मान खाली घालताना कधी पाहिलेलं नाही.

चाळीस वर्षं मी लोकांची लग्नं शिजवतोय. ठरलेली तारीख आमच्याकडे अलीकडे घेतात ती एकाच कारणाने. घरातलं कुणीतरी पुढच्या तारखेपर्यंत पुरणार नसतं, आणि त्याच्याशिवाय लग्न करायचं नसतं. अशी वीसेक लग्नं मी केली असतील. त्या घरांत म्हाताऱ्याला कुणी सांगत नाही. सगळे हवेचं बोलतात.

एर्गाशच्या घरात सगळे धडधाकट आहेत.

मी पुढे विचारलं नाही. तांदूळ किती म्हणून विचारलं.

"पन्नास किलो."

"पंचेचाळीस पुरे. गाजरं पिवळी आण, लाल नकोत, लाल पाणी सोडतात. मटण मी स्वतः निवडणार. आणि म्हाताऱ्यांना घास मीच भरवणार, आधीच सांगून ठेवतो."

"मग काय, मी भरवू?" तो म्हणाला आणि लगेच उठला. दाराबाहेर बराच वेळ गाडी सुरू करत नव्हता.

मुकर्रम चहा घेऊन आली. एप्रिलमध्ये काम घेतलंय म्हटल्यावर हसली, किती दिवसांनी हसली, आणि म्हणाली, "बघा, अंगात ताकद यायला लागली. सलाईनचा गुण आहे." मी म्हटलं, हो, वाटतंय खरं बरं. तिला वाटतं मला काही माहीत नाही. बारा एप्रिलपर्यंत तिला तसंच वाटू दे.